छापले आहे तसे

पुण्यातल्या एका छापखान्यात चौतीस वर्षे मुद्रितशोधक म्हणून काम करून मी निवृत्त झालो आणि नगरला घरी परतलो, तेव्हा यापुढे कुणाच्याही प्रुफाला हात लावायचा नाही असे मी ठरवले होते. तो निश्चय जेमतेम आठ महिने टिकला. संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या माझ्या पुतणीने एके दिवशी एका स्वयंसेवी गटाचे आवाहन वाचून दाखवले. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधील प्युरिटन, म्हणजे चर्चची उपासना कर्मकांडापासून शुद्ध करू पाहणाऱ्या, पाळकांची, आज सहसा कुणी छापत नसलेली, विस्मृतीत गेलेली पुस्तके शुद्ध मजकुराच्या रूपात तयार करून ती सर्वांना मोफत द्यायची, असा त्या गटाचा उद्योग होता आणि त्यांना डोळ्यांत तेल घालून वाचणारी माणसे हवी होती. इंग्रजी मातृभाषा असण्याची अट नव्हती. उलट, मातृभाषिक माणूस शब्द वाचत नाही, अंदाजाने पुढे सरकतो, असे गटप्रमुख बाईंनी मला पहिल्याच पत्रात लिहिले होते. मराठी प्रुफांच्या बाबतीत हाच अनुभव मी वर्षानुवर्षे घेतला असल्यामुळे मला ते लगेच पटले.

प्युरिटन हे नाव आमच्या घराला अगदीच परके नव्हते. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणे मांडले. ते मिशन पाठवणारी संस्था न्यू इंग्लंडमधल्या काँग्रेगेशनल मंडळ्यांची होती आणि त्या मंडळ्या म्हणजे अटलांटिक ओलांडून गेलेल्या प्युरिटनांच्याच वारसदार. जॉन बन्यन या प्युरिटन लेखकाने लिहिलेली यात्रेकरूची गोष्ट मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली होती. त्या गोष्टीचे ‘यात्रिकक्रमण’ हे मराठी रूपांतर हरि केशवजींनी 1841 मध्येच केलेले होते, हे मला फार पुढे कळले. मात्र बन्यनच्या आगेमागे लिहिणारी इतर माणसे कोण होती, याची मला काहीच कल्पना नव्हती.

माझ्या वाट्याला आलेले पुस्तक जॉन फ्लॅव्हेल यांचे ‘हजबंडरी स्पिरिच्युअलाइज्ड’. ते प्रथम 1669 मध्ये निघाले. नावाचा मराठीत अर्थ लावायचा तर ‘शेतीचा पारमार्थिक अर्थ’ असे काहीसे म्हणता येईल. फ्लॅव्हेल हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यातल्या डार्टमथ या बंदराच्या गावी पाळक होते. 1662 मध्ये राजसत्तेने उपासनेची एकच ठरीव पोथी सर्व पाळकांवर बंधनकारक केली आणि ती मान्य न करणाऱ्या सुमारे दोन हजार पाळकांना आपापली पदे सोडावी लागली, त्यांत तेही होते. तीन वर्षांनी आणखी एक कायदा आला. त्यानुसार अशा पाळकाला आपल्या जुन्या गावाच्या पाच मैलांच्या आत राहण्याची मुभा उरली नाही. त्यामुळे फ्लॅव्हेल जवळच्या स्लॅप्टन नावाच्या खेड्यात राहायला गेले. खलाशांच्या गावातला हा पाळक शेतकऱ्यांच्या शेजारी येऊन पडला, आणि खलाशांसाठी नौकानयनावर लिहिणाऱ्या त्याच लेखणीतून मग नांगरट, बियाणे, तण, मळणी, उफणणी, कलमे आणि गुरे यांवरचे हे पुस्तक उतरले. प्रत्येक प्रकरणाचा साचा ठरलेला आहे: आरंभी दोन ओळींचे पद्य, मग शेतातले निरीक्षण, मग त्याचा आत्मिक जीवनाशी संबंध, मग वाचकाने स्वतःला विचारायचे प्रश्न, आणि शेवटी कविता. निरीक्षणे नेमकी आहेत. कविता मात्र यथातथाच, आणि त्या टंकित करताना मला जांभया आवरत नसत हे कबूल केले पाहिजे. पुस्तकाला पक्षी, प्राणी, झाडे, फुले यांवरच्या छोट्या चिंतनांची जोडही आहे. मेलेल्या ससाण्याभोवती चिवचिवाट करणाऱ्या लहान पाखरांवरचे त्यातले एक चिंतन मी पुतणीला दोनदा वाचून दाखवले.

फ्लॅव्हेल यांचे नाव अभ्यासकांना ठाऊक आहे आणि त्यांचे समग्र लेखन एकोणिसाव्या शतकात सहा खंडांत छापलेलेही आहे. म्हणून ‘विस्मृतीत गेलेले’ हा शब्द मला आधी अतिशयोक्त वाटला होता. पण समग्र वाङ्मयाच्या खंडात पडून राहणे हीसुद्धा विस्मृतीच, हे बाईंचे म्हणणे मला हळूहळू पटत गेले. त्यांच्या समकालीनांची अवस्था तर याहून बिकट आहे. 1666 च्या लंडनच्या आगीत सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या तळघरात सुरक्षित म्हणून ठेवलेले पुस्तकविक्रेत्यांचे साठेच्या साठे जळाले. जे वाचले त्यातले पुष्कळसे विसाव्या शतकात मायक्रोफिल्मवर उतरले आणि त्या फिल्मवरून पुढे संगणकावर आले, परंतु चित्रांच्या रूपात. चित्रात शब्द शोधता येत नाही, मोबाइलच्या पडद्यावर ते नीट वाचता येत नाही आणि अंध वाचकाच्या यंत्राला ते मोठ्याने वाचून दाखवता येत नाही. मिशिगन आणि ऑक्सफर्ड या विद्यापीठांच्या पुढाकाराने चाललेल्या एका प्रकल्पाने अशी हजारो पुस्तके माणसांकडून टंकित करून घेतली आणि त्यांपैकी सुमारे पंचवीस हजार 1 जानेवारी 2015 रोजी सर्वांसाठी खुली केली. त्या प्रकल्पात टंकलेखनाची कसोटी वीस हजार अक्षरांत जास्तीत जास्त एक चूक अशी होती. हा आकडा ऐकून छापखान्यातला माझा सगळा अहंकार उतरला.

मला सराव म्हणून आधी त्या प्रकल्पातले एक छोटे अंत्यविधीचे प्रवचन दिले गेले. जिथे टंकलेखकाला अक्षर वाचता आले नव्हते तिथे त्याने काळा ठिपका ठेवला होता. माझे काम एवढेच, की दुसऱ्या एखाद्या प्रतीचे चित्र पाहून तो ठिपका भरायचा. पहिल्या दिवशी मी अकरा ठिपके भरून पाठवले आणि दुसऱ्या दिवशी त्यातले चार परत आले. बाईंनी विचारले होते, “हे तुम्ही पाहिलेत, की ओळखलेत?” चारही ठिकाणी मी संदर्भावरून अक्षर ओळखले होते. तर्क बरोबरच होता, पण चित्रात ते अक्षर दिसत नव्हते. अशा वेळी ठिपका तसाच राहू द्यायचा, हा माझा पहिला धडा.

फ्लॅव्हेल यांच्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीची स्कॅन आमच्याकडे होती आणि तिच्यावरून ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या संगणकीय यंत्रणेने, काढलेला कच्चा मजकूर होता. तो वाचून मी थक्क झालो. त्या काळच्या इंग्रजी छपाईत ‘एस’ या अक्षराचे दोन खिळे, म्हणजे छपाईचे ठसे, असत. शब्दाच्या शेवटी आजच्यासारखा आखूड एस, आणि आरंभी किंवा मध्ये लांब एस, जो हुबेहूब ‘एफ’सारखा दिसतो. फरक एवढाच, की एफची आडवी रेघ दांड्याच्या आरपार जाते, तर लांब एसला फक्त डावीकडे एक बारीक टोचा असतो. शाई कमी पडली किंवा खिळा झिजलेला असला, तर तोही दिसत नाही. 1800 च्या सुमारास हा खिळा छपाईतून गेला, पण त्याआधीचे प्रत्येक पुस्तक यंत्राच्या दृष्टीने एफने भरलेले असते. त्यामुळे पाप या अर्थाचे ‘सिन’ हे ‘फिन’ म्हणजे माशाचा पर होते, संत हा ‘फेंट’ म्हणजे मूर्च्छित होतो, आणि ‘सोल’ म्हणजे आत्मा ‘फाउल’ म्हणजे घाणेरडा होऊन बसतो. यातले काही शब्द वाचताना निदान हसू येते आणि चूक पकडली जाते. खरी पंचाईत शेतीच्या शब्दांत होती. ‘सिकल’ म्हणजे विळा, त्याचे ‘फिकल’ म्हणजे चंचल झाले तर कळते. पण ‘सीड’ म्हणजे बी, त्याचे ‘फीड’ म्हणजे खाऊ घालणे किंवा चारा झाले तर काय करायचे? शेतीच्या पुस्तकात दोन्ही शब्द शोभतात, आणि संगणकाचा शब्दतपासनीस दोन्हींना बरोबर म्हणतो.

एका रविवारी दुपारी पुतणी माझ्या शेजारी बसून पडद्यावरचे वाचत होती. ती एकदम थांबली आणि म्हणाली, “काका, इथं बी आहे की चारा?” वाक्य असे होते, की शेतकऱ्याजवळ ते पुरेसे असेल तरच त्याने पुढच्या हंगामाचा भरवसा धरावा. आम्ही चित्र चारशे टक्के मोठे केले. मागच्या पानाची शाई नेमकी त्या अक्षराखाली उमटली होती, त्यामुळे रेघ आरपार आहे की टोचाच आहे हे कळेना. शेवटी मी तिला त्याच पानावरचे, निःसंशय एफ असलेले दहा शब्द आणि निःसंशय लांब एस असलेले दहा शब्द कापून एका ओळीत लावायला सांगितले. त्या रांगेशेजारी आमचे अक्षर ठेवल्यावर दिसले, की त्या आवृत्तीतल्या एफचे डोके किंचित जास्त पुढे झुकलेले आहे आणि आमचे डोके झुकलेले नाही. ते बीच होते. एका अक्षरासाठी पाऊण तास गेला. माझ्या मालकांनी छापखान्यात एवढ्या वेळात मला आठ पाने वाचायला लावली असती. त्यानंतर आम्ही दोन्ही रूपांत अर्थ देणाऱ्या अशा शब्दांच्या चाळीसएक जोड्यांची यादीच करून टाकली आणि प्रत्येक पानावर त्या जोड्या मुद्दाम शोधून पाहू लागलो. शब्दाच्या अगदी शेवटी एफ दिसला तर तो एफच, कारण लांब एस शेवटी येत नाही, हा नियम मात्र कधी दगा देत नसे.

आमच्या गटाने कामाची रीत एका मोठ्या जुन्या स्वयंसेवी उपक्रमाकडून उचलली होती. मोफत ई-पुस्तकांची गुटेनबर्ग प्रकल्पाची कल्पना 1971 ची, आणि त्याच्यासाठी पाने वाटून घेऊन वाचणाऱ्या स्वयंसेवकांचा तो उपक्रम 2000 साली सुरू झाला. एका पानाची एका मागोमाग एक तीन वाचने तीन निरनिराळ्या माणसांनी करायची, मग मांडणीच्या दोन फेऱ्या, आणि मग एकाच माणसाने सगळे पुस्तक सलग जुळवायचे. या सगळ्या फेऱ्यांना एक नियम सारखाच लागू असतो: लेखकाने लिहिलेले बदलायचे नाही. नियम वाचायला सोपा आहे. पण ज्याने आयुष्यभर इकाराचे ऱ्हस्वदीर्घ सुधारून पोट भरले, त्याला चुकीचे दिसणारे अक्षर तसेच ठेवून पुढे जाणे किती कठीण जाते, हे मला आतून ठाऊक आहे. छापखान्यात लेखक, खिळे जुळवणारा जुळारी आणि मुद्रितशोधक यांच्या चुका मी एकाच लाल शाईने दुरुस्त करत असे. इथे त्या वेगवेगळ्या ओळखाव्या लागत. यंत्राची चूक सुधारायची, जुळाऱ्याची स्पष्ट चूक शेवटच्या टिपेत नोंदवून सुधारायची, आणि लेखकाच्या काळाची लेखनपद्धती असेल तर तिला हात लावायचा नाही. त्या काळी ‘पेक्षा’ या अर्थाचा ‘दॅन’ आणि ‘मग’ या अर्थाचा ‘देन’ हे दोन्ही बहुधा एकाच वर्णांनी, म्हणजे ‘देन’सारखे लिहिले जात. आजच्या डोळ्यांना प्रत्येक पानावर तीनचार ठिकाणी चूक दिसते आणि ती चूक नसते.

काही शब्दांत तर दुरुस्ती करणे म्हणजे अर्थाची निवड करणे ठरते. प्रवास आणि कष्ट या दोन अर्थांचे आजचे इंग्रजी शब्द मुळात एकच, आणि त्या काळात त्यांचे लेखन एकमेकांत मिसळलेले असे. बांधावरून शेताकडे जाणाऱ्या, घामाघूम झालेल्या माणसाविषयी लिहिताना लेखकाला त्यातला कोणता अर्थ अभिप्रेत होता? कदाचित दोन्ही. आजचे लेखन केले, की त्यातला एक कायमचा पुसला जातो. गटात यावर बरीच पत्रापत्री झाली. तरुण मंडळींचे म्हणणे असे, की आजच्या वाचकाला अडखळायला लावून काय साधणार? अखेरीस लांब एस आजच्या एससारखा छापायचा, संक्षेप उलगडायचे, पण शब्दांचे लेखन जसेच्या तसे ठेवायचे, असे ठरले. मी या बाजूने मत दिले. ज्ञानेश्वरीच्या ओवीतले रूप कुणी आजच्या प्रमाणलेखनात बसवले तर मला जे वाटेल, तेच मला इथे वाटत होते.

पानांच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एकेकटा शब्द छापलेला दिसे. पुढच्या पानाचा तो पहिला शब्द, बांधणाऱ्याचा क्रम चुकू नये म्हणून दिलेला. त्याच्या शेजारी फर्म्याची, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या जुडग्याची, खूण म्हणून एक अक्षर असे, आणि ती अक्षरे लॅटिन वर्णमालेतली तेवीसच, म्हणजे आयनंतर जे नाही, आणि यू व डब्ल्यूही नाहीत. फर्मा मोजणे हा माझा जुना धंदा. म्हणून मी सगळ्या खुणा एका वहीत उतरवल्या आणि त्यातूनच लक्षात आले, की स्कॅनमध्ये समोरासमोरची दोन पृष्ठे गायब आहेत. स्कॅन करणाऱ्याने दोन पाने एकदम उलटली होती. त्याच्या आधीच्या पृष्ठावर त्याचा अंगठाही रबरी टोपीसकट उमटलेला होता, तेव्हा त्या बिचाऱ्याची घाई समजू शकते.

ही दोन पृष्ठे मिळवण्यात सव्वातीन महिने गेले. परदेशातल्या एका ग्रंथालयाकडे ती आवृत्ती होती. त्यांनी छायाचित्राचे शुल्क कळवले, ते मी भरायला तयार होतो, पण सोबतच्या अटींत असे होते की त्या चित्रावरून तयार झालेला मजकूर कोणत्याही व्यापारी कामासाठी वापरता येणार नाही. लेखकाला जाऊन तीन शतके उलटली आहेत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन खुले होते. तरीही पुस्तक ज्याच्या कपाटात आहे त्याच्याशी केलेला करार आपल्याला बांधतोच. आम्ही दिलेला मजकूर कुणी छापून विकला तर आम्हाला तो अडवायचाच नव्हता, कारण मोफत याचा आमचा अर्थ तोच होता. मी तीन सविस्तर पत्रे लिहिली, तिन्हींना तेच छापील उत्तर आले. शेवटी गटातल्या एका बाईंना त्याच आवृत्तीची आणखी एक स्कॅन दुसऱ्या खुल्या संग्रहात, चुकीच्या नावाखाली नोंदलेली सापडली. आमच्याकडच्या, गायब पृष्ठांच्या आधीच्या पृष्ठाच्या कोपऱ्यातला शब्द आणि नव्या स्कॅनमधल्या पृष्ठाचा पहिला शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहिला. दोन्ही एकच होते, मोडक्या खिळ्यासकट. त्या रात्री मी घरच्यांना आइस्क्रीम आणले, आणि कारण सांगितल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिले.

समासातल्या टिपांचे काम मला एकट्याला झेपले नसते. फ्लॅव्हेल लॅटिन आणि ग्रीक वाक्ये मुक्तपणे उद्धृत करतात, मधूनच हिब्रू शब्दही येतो. हिब्रूतली ‘द’ आणि ‘र’ ही अक्षरे एकमेकांच्या इतकी जवळची, की आपल्याकडच्या प आणि ष यांची आठवण व्हावी. निवृत्त झालेल्या एका पाळकांनी दर शनिवारी दोन तास बसून ती मला वाचून दिली. मळणीच्या प्रकरणावर तेही थांबले होते. इंग्लंडातला शेतकरी दांड्याला बांधलेल्या दुसऱ्या दांड्याने कणसे झोडपतो, तर आमच्या लहानपणी खळ्यावर मेढीभोवती बैलांची पात फिरत असे. त्यामुळे लेखकाने धान्यावर पडणाऱ्या माराची जी उपमा वापरली आहे, ती आमच्या खळ्यावर थोडी वेगळी उमटली असती, असे ते म्हणाले. लेखकाचा विचार मला सगळीकडे पटतो असे नाही. प्रत्येक दुष्काळात देवाचा हात शोधण्याची त्याची घाई मला टोचते. पण नांगराला बसणाऱ्या हिसक्यावरून जमिनीची जात सांगणारा माणूस शेतात उभा राहिलेला आहे, याविषयी शंका राहत नाही.

ओळीच्या शेवटी तुटलेल्या शब्दांचा प्रश्न वरवर क्षुल्लक, पण त्यानेही दोन आठवडे घेतले. पेरणीचा हंगाम या अर्थाचा जोडशब्द ओळीच्या मध्ये कधी संयोगचिन्हासह, कधी सलग छापलेला. तो ओळीअखेर तुटला असेल तर जोडताना चिन्ह ठेवायचे की नाही? आम्ही पुस्तकभर त्या शब्दाची सगळी रूपे मोजली आणि बहुमताने निर्णय घेतला. प्रुफाच्या समासात असे मतदान मी आधी कधी केले नव्हते.

चौदा महिन्यांनी पुस्तक पूर्ण झाले. साधी मजकूर फाइल आणि मोबाइलवर वाचण्याची ई-पुस्तकाची फाइल अशा दोन रूपांत ते खुले झाले, आणि अखेरच्या टिपेत आम्ही केलेल्या एकेचाळीस दुरुस्त्यांची यादी जोडली. पहिल्या आठवड्यात किती जणांनी ते उतरवून घेतले हे पुतणी रोज सांगत असे. मग तिने ते सांगणे सोडून दिले, त्यावरून आकडा मी समजलो.

पाच महिन्यांनी कॅनडातल्या एका अनोळखी वाचकाचे पत्र आले. त्यांनी तणांवरच्या प्रकरणातली एक ओळ दाखवून नम्रपणे लिहिले होते, की तुमच्या मजकुरात ‘दॅन’ आहे, स्कॅनमध्ये मात्र ‘देन’ दिसते. मी स्कॅन उघडली. त्यांचे बरोबर होते. पानाच्या फेऱ्यांचा इतिहास जतन केलेला असतो, तोही काढून पाहिला. यंत्राने शब्द बरोबर वाचला होता, पहिल्या दोन वाचकांनी तो तसाच ठेवला होता, आणि तिसऱ्या फेरीत, पहाटे सव्वापाच वाजता, माझ्या नावावर तो बदल नोंदलेला होता. मी ‘ए’ काढून ‘ई’ घातला, फाइल पुन्हा चढवली, आणि मग पुस्तकातले सगळे ‘दॅन’ एकेक करून स्कॅनशी ताडून पाहायला बसलो. आणखी दोन निघाले. तेही माझेच होते.